आठ महिन्यांच्या बाळाला क्रूझवर न्यावं का?

नाशिकहून एका आईने विचारलं आहे. सासऱ्यांची षष्ट्यब्दी आहे, त्यानिमित्त नोव्हेंबरच्या अखेरीस सिंगापूरहून ४ रात्रींची क्रूझ ठरते आहे. घरची ११ माणसं, आणि बाळ तेव्हा आठ महिन्यांचं असेल. अंगावर पितं, वरचं नुकतंच सुरू झालंय. जाऊबाई म्हणतात, जहाजावर पाळणाघर असतं, तू मोकळी राहशील. आई म्हणते, एवढ्याशा जिवाला समुद्रावर कुठे नेता, बोट लागेल. तर न्यावं की नाही, आणि बोट लागली तर औषध कोणतं द्यायचं?

मी बालरोगतज्ज्ञ आहे, आणि त्याआधी काही वर्षं क्रूझ जहाजाच्या दवाखान्यात काम केलंय. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत: निघण्याआधी यादी घेऊन येणारे आईबाप, आणि तिसऱ्या रात्री दोन वाजता बाळाला खांद्यावर टाकून दवाखान्याची घंटा वाजवणारे आईबाप. माझं उत्तर ‘न्या’ असं आहे. पण त्याला अटी आहेत, आणि त्या बोट लागण्याशी फारशा संबंधित नाहीत.

बोट लागण्याचा विषय आधी संपवू. दोन वर्षांखालच्या मुलांना बोट किंवा गाडी क्वचितच लागते. हा त्रास साधारण दोन वर्षांनंतर सुरू होतो आणि शाळकरी वयात सर्वांत जास्त असतो. म्हणजे तुमच्या बाळापेक्षा जाऊबाईंच्या मुलांची काळजी जास्त. बाळाला उलटी थांबवणारं औषध आपल्या मनाने देऊ नका. प्रवासाला निघताना मोठी माणसं जी गोळी घेतात तिच्यात बरेचदा प्रोमेथाझिन असतं, आणि दोन वर्षांखालच्या मुलांत त्याने श्वास मंदावू शकतो. चतकोर गोळी, अर्धा चमचा, ‘आमच्या वेळी देत होतो’, यातलं काहीही नको. तुम्हाला स्वतःला बोट लागत असेल तर मात्र तो प्रश्न खरा आहे, कारण तुम्ही पाजता आहात. गुंगी आणणारी गोळी घेऊन बाळाला शेजारी घेऊन झोपणं धोक्याचं. त्याबद्दल तुमच्या डॉक्टरांशी निघण्याआधी बोला.

याच्याच पोटात एक महत्त्वाची गोष्ट आहे. जहाजावर बाळाने उलटी केली की घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, ‘बोट लागली असेल.’ आठ महिन्यांच्या बाळात हे निदान शेवटी करायचं. आधी पोटाचा संसर्ग, ताप, कानदुखी हे बघायचं. बोट लागली समजून अर्धा दिवस वाट बघितलेली बाळं माझ्याकडे यायची ती चांगलीच सुकलेली असायची.

आता खरा प्रश्न. क्रूझ म्हणजे तीन-चार हजार माणसं एका बंद इमारतीत, एकाच बुफेवर, त्याच लिफ्टच्या बटणांवर आणि त्याच कठड्यांवर हात ठेवणारी. इमारतीत डॉक्टर आहे, हॉस्पिटल नाही. आणि तुमचं बाळ अशा वयात आहे की ते रांगायला लागेल आणि हाताला येईल ते तोंडात घालेल. तीन महिन्यांचं बाळ मांडीवर असतं, दोन वर्षांच्याला थोडं तरी समजावता येतं. आठ महिन्यांचं बाळ या दोन्हींच्या मधलं. कंपन्यांनी ६ महिन्यांची किमान वयोमर्यादा ठेवली आहे, म्हणून पालकांना वाटतं की ६ महिने झाले, आता सोपं. कंपनीचा नियम हा बाळ जहाजावर चढवून घ्यायचं की नाही याचा आहे. सोपं कधी होतं हे तो सांगत नाही.

त्या नियमाचा दुसरा भाग जास्त बोलका आहे. सलग तीन किंवा जास्त दिवस समुद्रातच असलेल्या सफरींसाठी बऱ्याच कंपन्या किमान वय १२ महिने ठेवतात. कारण उघड आहे: किनारा लांब असेल तर आजारी तान्हं बाळ कुठे उतरवणार? म्हणून मी पालकांना पहिला प्रश्न जहाजाचं नाव, खोलीचा प्रकार किंवा भाडं यांचा विचारत नाही. मार्ग विचारतो.

सिंगापूरहून निघणाऱ्या छोट्या सफरी साधारण दोन दिशांना जातात. मलाक्काच्या सामुद्रधुनीतून वर मलेशियातल्या पेनांग, थायलंडमधल्या फुकेतकडे, किंवा दक्षिण चिनी समुद्रातून पूर्वेकडे. नोव्हेंबरच्या अखेरीस तिथे ईशान्य मोसमी वारे सुरू झालेले असतात आणि दक्षिण चिनी समुद्र बऱ्यापैकी खवळतो. मलाक्काची सामुद्रधुनी दोन्ही बाजूंनी जमिनीने वेढलेली, त्यामुळे तुलनेने शांत. शिवाय सिंगापूर, पोर्ट क्लांग (क्वालालंपूरजवळचं बंदर), पेनांग, फुकेत या सगळ्या ठिकाणी मोठी हॉस्पिटलं आहेत आणि जहाज त्यांपासून फार लांब जात नाही. पेनांग-फुकेतचा मार्ग असेल तर माझी हरकत नाही. दुसरा असेल तर एजंटला तारीख किंवा मार्ग बदलायला सांगा.

जहाजावरच्या दवाखान्याबद्दल लोकांच्या कल्पना दोन टोकांच्या असतात. काहींना वाटतं तिथे फक्त डोकेदुखीची गोळी मिळते, काहींना वाटतं सगळंच होतं. प्रत्यक्षात डॉक्टर आणि नर्स चोवीस तास उपलब्ध असतात, एक्स-रे, ईसीजी, साध्या रक्ततपासण्या, सलाईन, ऑक्सिजन, अगदी व्हेंटिलेटरही बहुतेक मोठ्या जहाजांवर असतो. पण ही सगळी मांडणी साठी-सत्तरीच्या प्रवाशाला हृदयविकाराचा झटका आला तर काय करायचं, या हिशेबाने केलेली. बालरोगतज्ज्ञ सहसा नसतो. रक्तपेढी नसते. नवजात किंवा लहान मुलांचा अतिदक्षता विभाग नसतो. आठ महिन्यांच्या गुबगुबीत, सुकलेल्या हातात शीर शोधणं हे नाशिकच्या हॉस्पिटलातही अनुभवी नर्सचं काम असतं. हलत्या जहाजावर, मोठ्यांच्या शिरांची सवय असलेल्या हातांनी ते करणं किती अवघड जातं ते मी अनुभवलंय. हेलिकॉप्टर हा शेवटचा उपाय. ते किनाऱ्यापासूनचं अंतर, हवामान आणि त्या देशाची यंत्रणा यांवर अवलंबून असतं, आणि बाळाला त्यात घालणं हाही धोकाच असतो.

म्हणून काही बाळांना मी सरळ ‘थांबा’ म्हणतो. जन्मतः हृदयदोष असलेली, खूप अपुऱ्या दिवसांची आणि अजून वजनाने मागे असलेली, गेल्या दोन-तीन महिन्यांत धाप लागून ॲडमिट झालेली, घरात नेब्युलायझर लागणारी, एखाद्या अन्नाची तीव्र ॲलर्जी माहीत असलेली. तुमच्या बाळाबद्दल तुम्ही असं काही लिहिलेलं नाही, म्हणून ते निरोगी आहे असं धरून पुढे लिहितो. यातलं काही असेल तर पुढचं वाचण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

जहाजावरचा मुख्य शत्रू म्हणजे नोरोव्हायरस. उलट्या आणि जुलाब करणारा विषाणू. संसर्ग झाल्यावर साधारण १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो आणि एक ते तीन दिवसांत मोठी माणसं बरी होतात. तो आजारी करायला अगदी मोजके कण पुरतात, कठड्यांवर आणि खेळण्यांवर दिवसेंदिवस टिकतो, आणि बरा झालेला माणूसही पुढे कित्येक दिवस शौचातून तो बाहेर टाकत राहतो. रोटाव्हायरसची लस घेतलीय म्हणून निश्चिंत होऊ नका, तो वेगळा विषाणू. बुफेच्या दारात सॅनिटायझर फवारणारा हसतमुख कर्मचारी तुम्हाला दिसेल. त्याला हात दाखवा, पण भरवसा ठेवू नका. अल्कोहोलच्या जेलने नोरोव्हायरस नीट मरत नाही. साबण आणि वाहतं पाणी, बोटांच्या बेचक्यांसकट. बाळाला घेणाऱ्या प्रत्येकाने, आणि बाहेरून खोलीत आल्यावर बाळाचेही हात.

हा नियम ११ माणसांना पाळायला लावणं हेच तुमचं सर्वांत कठीण काम असेल. आजोबांना ‘हात धुऊन या’ सांगायला सुनेला संकोच वाटतो, हे मी जाणतो. ते बाळाच्या बाबांनी सांगावं, आणि विमानात बसायच्या आधी, सगळ्यांना एकदम सांगावं.

रांगण्यासाठी घरचं एक दुपटं किंवा पातळ सतरंजी घ्या. जहाजाचा गालिचा कितीही चकचकीत दिसला तरी त्यावर काय काय सांडून पुसलं गेलंय हे दवाखान्यात काम केलेल्याला विचारू नका. खोलीत शिरल्यावर रिमोट, फोन, दारांच्या मुठी, बाळाच्या उंचीच्या टेबलांच्या कडा एकदा साबणाच्या ओल्या कपड्याने पुसून घ्या.

एवढं करूनही जुलाब लागले तर? २०० मिलीची ओआरएसची पाकिटं घरून न्या, दहा-बारा. एक पाकीट बरोब्बर २०० मिली पाण्यात. अंदाजाने नको, त्यासाठी खुणा असलेली बाटली ठेवा. टेट्रापॅकमधलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. दर पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. अंगावरचं दूध एकदाही बंद करायचं नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, कारण ‘दुधाने जुलाब वाढतात’ हे वाक्य कोणीतरी म्हणणारच. झिंकचं औषध डॉक्टरांकडून लिहून घेऊन बरोबर ठेवा. सहा तास शू नाही, टाळू खोल गेलेली, रडताना अश्रू नाहीत, बाळ मलूल, पीतच नाही, शीमध्ये रक्त, किंवा हिरवी उलटी: यातलं एक जरी दिसलं तरी लगेच दवाखाना गाठायचा. फी किती पडेल याचा विचार नंतर.

आजार लपवू नका. जुलाब-उलट्या कळवल्या तर खोलीतच राहायला सांगतील, एक-दोन दिवस बाहेर पडता येणार नाही, या भीतीने लोक गप्प बसतात. मग तेच बाळ बुफेत उंच खुर्चीवर बसतं आणि तीच खुर्ची पुढच्या बाळाला मिळते. या वयात दात येतात, वरचं नवीन अन्न सुरू झालेलं असतं, शी थोडी पातळ होतेच. दिवसातून नेहमीपेक्षा किती जास्त आणि किती पातळ हे आईला बरोबर समजतं. शंका आली तर फोन करून विचारा. विचारल्याबद्दल कोणी कोंडून ठेवत नाही.

लसींचं गणित आत्ताच मांडा, कारण त्याला वेळ लागतो. फ्लूची लस ६ महिन्यांनंतर देता येते, पण पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. म्हणजे पहिला डोस सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला. घरातल्या आजी-आजोबांनीही घ्यावी. जहाजावर सर्दी-तापाची साथ पोटाच्या साथीइतकीच येते. गोवराची लस आपल्याकडे ९ महिन्यांना देतात, तुमचं बाळ त्याआधीच निघतंय. परदेश प्रवास करणाऱ्या ६ ते ११ महिन्यांच्या बाळांना गोवराचा एक लवकरचा डोस देता येतो, पण तो हिशेबात न धरता पुढचे नेहमीचे डोस वेळेवर द्यायचे असतात. द्यायचा की नाही हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवावं, पण निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी. टायफॉइडची लसही याच वयात बसते.

पोहण्याच्या तलावाचं चित्र डोक्यातून काढून टाका. पिवळ्या रबरी चकतीत बसलेलं बाळ, मागे निळा समुद्र, असा फोटो मिळणार नाही. डायपरमधल्या मुलांना जहाजांच्या तलावात सहसा परवानगी नसते, पोहण्याचा खास डायपर घातला तरी नाही. नियम कडक आहे आणि योग्य आहे, कारण शीतून पसरणारे काही जंतू क्लोरिनच्या पाण्यातही कित्येक दिवस जगतात. काही मोठ्या जहाजांवर अशा बाळांसाठी वेगळं कारंज्यांचं छोटं अंगण असतं. नसेल तर हवा भरायचा टब न्या. तो आंघोळीलाही लागेल, कारण साध्या खोल्यांत फक्त शॉवर असतो, तोही एवढा अरुंद की त्यात बाळाला धरून उभं राहणं म्हणजे कसरत. तेल लावून आंघोळ घालायची सवय असेल तर त्या चार दिवसांपुरती तिला सुट्टी द्या. हलती फरशी आणि तेलकट बाळ ही जोडी मला बघवत नाही.

खाण्याचं म्हणाल तर बाळापुरतं ते वाटतं तितकं अवघड नाही. अडचण आपल्या सवयींची असते. विजेची किटली, पाणी तापवायची कांडी, छोटी इंडक्शन शेगडी यांतलं काही जहाजावर चालत नाही. तपासणीत काढून घेतात आणि उतरताना परत देतात. आगीच्या भीतीपुढे कोणाचं काही चालत नाही. घरचे लाडू, भाकरी, डब्यातलं अन्नही बहुधा आत नेऊ देत नाहीत. बाळाचं बंद पाकिटातलं खाणं आणि दूध पावडर मात्र चालते. त्यामुळे नाचणीचं सत्त्व घरचं पिशवीत भरून नेण्यापेक्षा लेबल असलेलं सीलबंद न्या. चांगला थर्मास घ्या. बुफेजवळच्या चहाच्या यंत्रातून उकळतं पाणी मिळतं, सत्त्व किंवा मऊ पेज त्यात होते. पावडरचं दूध द्यायचं असेल तर पाणी किमान ७० अंश गरम असताना कालवायचं आणि मग गार करायचं, म्हणून पाणी भरल्या भरल्या वापरा. बाटल्या निर्जंतुक करायचा त्रास टाळायचा तर वाटी-चमचा. स्टीलची वाटी साबणाने घासून गरम पाण्यातून काढली की झालं.

पहिल्या संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये मुख्य वेटरला गाठा आणि सांगा: मीठ, साखर, मसाला न घालता उकडलेली डाळ, मऊ भात, गाजर किंवा भोपळा, कुस्करून. पुढच्या जेवणापासून ते रोज येतं. सिंगापूरच्या सफरींवर भारतीय प्रवासी इतके असतात की डाळ-भात त्यांना नवीन नाही. तिखटमीठ न घालण्यावर मात्र पुन्हा पुन्हा बोट ठेवावं लागतं. जहाजांवर गोव्याची मुलं बरीच असतात. तुमच्या वाट्याला असा कोणी आला तर कोकणी-मराठीत एकदा बोला, भाताची पेज काय असते हे त्याला समजावून सांगावं लागत नाही. बुफेतलं सूप, चटणी, मध घातलेली सिरियल्स बाळाला नको. एक वर्षाखाली मध अजिबात नाही. डायपर आणि बाळाची औषधं जहाजाच्या दुकानात मिळतील असं धरू नका, रोजच्या वापराच्या दीडपट न्या.

आता घड्याळ. इथे मी नेहमीच्या सल्ल्याच्या उलट सांगणार आहे. सगळीकडे लिहिलेलं असतं की बाळ असेल तर जेवणाची लवकरची पाळी घ्या. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तुमचं बाळ घरी रात्री ८ ला झोपत असेल तर जहाजावर तेव्हा साडेदहा वाजलेले असतील. चार दिवसांसाठी त्याचं शरीर बदलायच्या भानगडीत पडू नका, त्याला नाशिकच्या वेळेवरच ठेवा. म्हणजे सकाळी ते जहाजाच्या साडेनऊला उठेल, पहिली झोप दुपारी १२ च्या सुमारास, आणि उशिराच्या साडेआठच्या जेवणाला ते टवटवीत असेल. ११ माणसांचं एकत्र जेवण, केक, फोटो, सगळं बाळासकट होईल. याची किंमत एकच: सकाळी ८ ला निघणारी बंदरावरची सहल तुमच्यासाठी नाही, कारण ती बाळाची पहाटेची साडेपाच आहे. उतरायचंच असेल तर उशिरा, आपापलं उतरा.

उतरण्याबद्दल: पेनांगला जहाज धक्क्याला लागतं, बाबागाडी घेऊन चालत बाहेर पडता येतं, आणि जॉर्ज टाऊनचा जुना भाग जवळच आहे. फुकेतला बऱ्याचदा छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. तिथे बाबागाडी घडी करावी लागते, बोट आणि फलाट वेगवेगळे हलत असतात, उन्हात रांग असते. बाळाला पुढे बांधायच्या झोळीत घेतलं आणि दोन्ही हात मोकळे असले तरच जा, नाहीतर तो दिवस जहाजावर काढा. निम्मे लोक उतरलेले असतात, सगळीकडे शांतता असते. बाळवाल्यांसाठी तोच सर्वांत चांगला दिवस. सहलीच्या बसमध्ये बाळाची सीट नसते हेही लक्षात ठेवा. ऊन, डास यांचं तुम्हाला सांगायला नको. टोपी, पूर्ण बाह्या, बाबागाडीवर जाळी.

खोली. मध्यभागी आणि खालच्या मजल्यावरची मागा. तिथे हलणं कमी. वर किंवा खाली नाचगाण्याचा हॉल नको. पाळणा फुकट मिळतो पण आधी नोंदवावा लागतो, आणि तो लावला की साध्या खोलीत चालायला जागा उरत नाही. बाळ झोपलं की दिवे बंद, आणि तुम्ही दोघं अंधारात मोबाईल बघत बसलेले. परवडत असेल तर बाल्कनीची खोली घ्या, रात्री बाहेर बसून बोलता येतं. खिडकी नसलेली आतली खोली स्वस्त आणि दिवसाही काळोखी, बाळाच्या दुपारच्या झोपेला उत्तम; पण मग मोठ्यांचा जीव गुदमरतो. बाल्कनीत बाळाला एकटं सोडायचं नाही, आणि फोटोसाठी कठड्यावर किंवा खिडकीच्या चौकटीवर बसवून धरायचं नाही, आजोबांनीसुद्धा नाही. आजी-आजोबांची खोली शेजारची असावी.

आणि पाळणाघर. जाऊबाईंचं अर्धं बरोबर आहे. मुलांचे फुकट क्लब असतात ते ३ वर्षांपुढच्या, डायपर सुटलेल्या मुलांसाठी. ६ महिन्यांपासूनच्या बाळांसाठीची नर्सरी फक्त काही जहाजांवर असते, तिला तासावर पैसे लागतात, जागा मोजक्या. एजंटला ‘मुलांसाठी सोय आहे का’ असं विचारू नका, तो हो म्हणेल. ‘या जहाजावर, या तारखेला, आठ महिन्यांच्या बाळासाठी नर्सरी आहे का, आणि नोंदणी कधी उघडते’ असं विचारा. असली तरी आठव्या-नवव्या महिन्यात बाळं अनोळखी माणसाला घाबरतात. रडणं थांबलं नाही तर ते तुम्हाला बोलावून घेणार. तेव्हा ती मिळाली तर तासाभराची चैन समजा, भिस्त ठेवू नका.

भिस्त ठेवायची ती घरच्यांवर, आणि तीही लेखी. अकरा जण आहेत, कोणीतरी बघेलच, अशा सहलींमध्ये बाळ दर वेळी फिरून आईकडेच येतं आणि परत आल्यावर आईला वेगळी सुट्टी लागते. रोज दोन तास आत्या, दोन तास आजी, रात्रीच्या कार्यक्रमाला एक दिवस बाबा खोलीत आणि एक दिवस काका, असं कागदावर लिहून निघण्याआधी घरच्या ग्रुपवर टाका. थोडं विचित्र दिसेल. दिसू दे.

सुरक्षेचं एक काम पहिल्या तासात उरका. २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया ही इटालियन क्रूझ खडकावर आपटली, त्यानंतर नियम कडक झाले आणि आपत्कालीन सराव आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी होतो. एक दिवसाहून मोठ्या सफरीवर प्रत्येक तान्ह्या बाळासाठी वेगळं जीवरक्षक जॅकेट जहाजावर असलंच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे; ते १५ किलोंखालच्या मुलांसाठीचं असतं. खोलीत बहुधा मोठ्यांचीच ठेवलेली असतात. खोलीच्या कर्मचाऱ्याकडून मागून घ्या आणि एकदा बाळाला घालून बघा. सरावाचा भोंगा कानठळ्या बसवणारा असतो, तेव्हा बाळाचे कान झाका.

कागदपत्रं थोडक्यात. बाळाचा स्वतःचा पासपोर्ट, सफरीच्या तारखेनंतर सहा महिने वैध. जहाज दुसऱ्या देशात जाऊन सिंगापूरला परत येतं, म्हणून एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा बघा. तुमचा नेहमीचा आरोग्य विमा परदेशात बहुधा चालत नाही; प्रवास विमा घ्या, त्यात क्रूझ, जहाजावरून हलवण्याचा खर्च आणि बाळाचं नाव तिन्ही लेखी असू द्या. जहाजाच्या दवाखान्याचं बिल डॉलरमध्ये खोलीच्या खात्यावर चढतं, आधी भरायचं आणि मग विमा कंपनीकडे मागायचं. भर समुद्रात मोबाईल उपग्रहाच्या महागड्या नेटवर्कला लागतो, म्हणून विमान मोड, आणि एका फोनपुरतं तरी जहाजाचं वायफाय घ्या. रात्री दोन वाजता स्वतःच्या डॉक्टरांना व्हिडिओवर बाळ दाखवता येणं फार मोलाचं असतं. विमानातून सफरीच्या आदल्या दिवशीच सिंगापूरला पोचा. डायपर, औषधं, कपड्यांचे दोन जोड हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठ्या बॅगा खोलीत यायला संध्याकाळ होते.

हे सगळं वाचून जड वाटत असेल तर मुंबईहून गोव्याला जाऊन येणारी दोन रात्रींची सफर हा पर्याय आहे. विमान नाही, घड्याळ बदलत नाही, हिवाळ्यात अरबी समुद्र शांत असतो, आणि काही झालंच तर आपलीच हॉस्पिटलं. षष्ट्यब्दीचा थाट तेवढा होणार नाही. त्याच जहाजांची लक्षद्वीपची सफर मात्र बाळासाठी मी टाळेन. बेटांवर छोट्या बोटींतून उतरवतात आणि तिथली वैद्यकीय सोय मर्यादित आहे.

शेवटी एक बोलणं आत्ताच करून ठेवा. जहाजावर चढण्याआधी तब्येतीचे प्रश्न विचारतात. आदल्या दोन दिवसांत बाळाला ताप किंवा जुलाब असतील तर खरं सांगायचं, आणि बहुधा चढता येणार नाही. त्या दिवशी बंदरावर उभं राहून अकरा जणांनी चर्चा करायची नाही. आजी-आजोबा, दीर-जाऊ, मुलं जहाजावर जातील. तुम्ही अंगावर पाजता आहात, म्हणून तुम्ही, बाळ आणि बाळाचे बाबा तिघंही सिंगापूरला थांबाल. तेवढ्या रात्रींचं रद्द करता येणारं हॉटेल आधी बघून ठेवा, आणि रद्द झाल्याचे पैसे विम्यात परत मिळतात का ते पॉलिसी घेतानाच वाचा.